सैतानाचा उगम व आपली श्रद्धा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं व्याख्यानासाठीं सैतान हा विषय निवडला, हें पाहून कित्येकांस नवल वाटलें असेल. सणाच्या दिवशीं ज्याचें नांव तोंडीं येऊं नये अशी आपली रीत, त्याच्याविषयींच बोलत बसणें विचित्र दिसतें खरें. तथापि ह्या निवडीस दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, दरवर्षीं पुनरुत्थानाच्या जागरणरात्रीं हातांत पेटती मेणबत्ती घेऊन आपण सर्वजण सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करितों असें मोठ्यानें म्हणतों. ज्याचा त्याग करावयाचा तो कोण, हेंच ठाऊक नसेल तर त्या शब्दांत जीव कोठून राहणार? दुसरें कारण आपल्या आसपासच्या जीवनांतलें आहे. मूल आजारी पडलें, म्हैस आटली, धंदा बुडाला, कीं 'कोणीतरी केलें' असें म्हणण्याची आपल्या मुलखांत फार जुनी खोड आहे, आणि ती खोड स्नानसंस्काराच्या पाण्यानें आपोआप धुऊन जात नाहीं. मग संशयाचें बोट एखाद्या विधवेकडे, एखाद्या एकट्या म्हातारीकडे वळतें. अशा वेळीं सैतानाचें काम नक्की कोण करीत असतो, हें शास्त्रावरून समजून घेणें अगत्याचें आहे.

शब्दापासून आरंभ करूं. 'सैतान' हा शब्द मराठींत अरबी-फारसीच्या वाटेनें आला. आपले मुसलमान शेजारी 'शैतान' म्हणतात. बायबलांतील इब्री शब्द 'सातान' हा त्याचाच भाऊबंद. त्याचा अर्थ विरोध करणारा, वाटेंत आडवा येणारा, आणि न्यायसभेंत दोषारोप ठेवणारा असा आहे. हा इब्री शब्द आपल्या पेण-रोह्यास अगदीं परका आहे असेंही नाहीं. ह्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे व शनिवारीं शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवीत असे. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. पेणकर व रोहेकर हीं त्यांच्यांतील आडनांवें ह्याच गांवांवरून पडलीं. पेण येथें त्यांचें सिनेगॉग आहे. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. आतां येथें थोडींच उरलीं आहेत. जुना करार प्रामुख्यानें ज्या भाषेंत लिहिला गेला, त्याच भाषेंत त्यांची उपासना चालते, आणि यहुदी लोकांच्या सायंप्रार्थनेंत सातानास वाटेंतून दूर करावें अशी देवाजवळ विनंती असते. म्हणजे आपण ज्याच्याविषयीं बोलत आहों त्याचें मूळ नांव ह्या मुलखांत फार दिवसांपासून ऐकूं येत आलें आहे.

आतां जुन्या करारांत ह्या शब्दाचा प्रवास पाहूं. गणना ग्रंथांत बलाम आपल्या गाढवीवर बसून निघाला असतां परमेश्वराचा दूत त्याची वाट अडवून उभा राहतो. तेथें त्या पवित्र दूताच्या कामास हाच शब्द योजिला आहे. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत पलिष्टी सरदारांस भय वाटतें कीं, दावीद आपल्या सैन्यांत राहिला तर लढाईंत आपलाच 'सातान' होईल. राजांच्या पहिल्या ग्रंथांत शलमोनाविरुद्ध उठलेला अदोमी हदाद हाही 'सातान'च. ह्या सर्व ठिकाणीं शब्दाचा अर्थ विरोधक एवढाच आहे. शिंगें, शेपूट, काळा रंग, अग्नीचें राज्य, ह्यांपैकीं कशाचा तेथें मागमूस नाहीं.

ईयोबाच्या ग्रंथांत आपण एक पायरी पुढें येतों. देवाच्या दरबारांत दूत हजर होतात व त्यांच्यामध्यें 'हा-सातान' येतो. इब्री भाषेंत 'हा' हें उपपद विशेषनामास लागत नाहीं. आपण गांवांत 'तलाठी आले' म्हणतों तेव्हां तो हुद्दा असतो, व्यक्तीचें नांव नव्हे. तसेंच हें आहे. पृथ्वीवर फिरावें, माणसांचीं कर्में न्याहाळावीं आणि दरबारांत त्यांच्यावर आरोप ठेवावा, असें त्याचें काम. ईयोबाची भक्ति फुकट नाहीं, सुखाच्या बदल्यांत आहे, असा त्याचा आरोप आहे. त्याला ईयोबाच्या केसासही धक्का लावण्यास देवाची परवानगी मागावी लागते, आणि दिलेल्या मर्यादेपलीकडे एक पाऊल टाकतां येत नाहीं.

ह्या ग्रंथांतील एक गोष्ट मात्र पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून सुटते. पहिल्या दोन अध्यायांनंतर सातान रंगभूमीवरून नाहींसा होतो. पुढें चाळीस अध्यायांत त्याचें नांवही नाहीं. मग त्याचें दोषारोपाचें काम कोण चालवितो? ईयोबाचे तीन मित्र! ते आले होते सांत्वन करावयास. परंतु तोंड उघडलें तें, 'तुझ्या हातून कांहीं पाप घडल्यावांचून हें दुःख आलें नाहीं' असें सिद्ध करण्यासाठींच. शेवटीं देव त्या मित्रांवर रागावतो आणि ईयोब तुमच्यासाठीं प्रार्थना करील असें त्यांस सांगतो. राखेंत बसलेल्या दुखणेकऱ्यास 'तुझेंच कांहींतरी चुकलें' असें म्हणणारे धर्मशील मित्र कोणाच्या जागीं जाऊन बसतात, हें ह्यावरून उघड होतें.

जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथांतही असाच दरबार आहे. मुख्य याजक यहोशवा मळक्या वस्त्रांनीं उभा आहे व त्याच्या उजव्या हातास आरोप ठेवण्यासाठीं सातान उभा आहे. देव आरोप करणाऱ्यासच धमकावितो व यहोशवास स्वच्छ वस्त्रें नेसविण्याची आज्ञा होते. वस्त्रें मळलेलीं होतीं हें खोटें नव्हे. आरोपांत तथ्य असेलही. तरी देवाचा निकाल दयेचा झाला.

पुढें आणखी एक फरक दिसतो. दावीदानें लोकांची शिरगणती केली तो प्रसंग दोन ठिकाणीं आला आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथांत देवाच्या कोपानें दावीदास ती बुद्धि झाली असें म्हटलें आहे. त्यानंतर पुष्कळ काळानें लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथांत तीच चिथावणी सातानानें दिली असें आहे, आणि येथें शब्दामागील उपपद गळून गेलें आहे. हुद्दा होता तो नांव होऊं लागला. देव मोहांत पाडीत नाहीं, मोह दुसरीकडून येतो, ही जाणीव इस्राएलाच्या मनांत स्पष्ट होत होती.

ह्या दोन लेखनांच्या मधल्या काळांत फार मोठ्या उलथापालथी झाल्या. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडलें व लोक बाबेलास बंदिवान झाले. ख्रि. पू. ५३९ मध्यें इराणच्या कुरुश राजानें बाबेल जिंकलें, आणि पुढें दोनशें वर्षें यहुदी लोक इराणी सत्तेखालीं राहिले. आपल्या मुंबई-ठाण्याकडील पारशी बांधव ज्या जरथुश्त्री धर्माचे, त्यांत अहुर मज्द व अहरिमन ह्यांच्या झगड्याची शिकवण आहे. तिचा यहुदी विचारांवर किती परिणाम झाला ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. दोन बरोबरीच्या शक्ति आहेत हें मत इस्राएलानें कधींही पतकरलें नाहीं. यशयाच्या ग्रंथांत कुरुशास उद्देशून बोलतांना परमेश्वर प्रकाश व अंधार ह्या दोहोंचा कर्ता मीच असें स्पष्ट सांगतो.

ख्रिस्तजन्मापूर्वींच्या शेवटल्या दोन-तीन शतकांत दुष्ट आत्म्यांविषयीं यहुदी लोकांनीं पुष्कळ ग्रंथ लिहिले. हनोखाच्या नांवावरील ग्रंथांत स्वर्गांतून उतरून मानवकन्यांशीं विवाह करणाऱ्या दूतांच्या पतनाची कथा आहे. दुसरा एक ग्रंथ तर 'ज्युबिलींचा ग्रंथ' ह्याच नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत दुष्ट आत्म्यांच्या नायकाचें नांव मस्तेमा असें असून, अब्राहामाची कसोटी घ्यावी असा आग्रह तोच देवाजवळ धरतो. १९४७ सालापासून कुमरानच्या गुहांत जे जुने लेख सांपडले, त्यांत ह्या दोन्ही ग्रंथांचे तुकडे आहेत. आपल्या ख्रिस्तसभेनें हे ग्रंथ बायबलांत घेतले नाहींत. मात्र आपण कॅथलिक ज्ञानग्रंथास पवित्र शास्त्र मानतों, आणि त्यांत मृत्यु हा सैतानाच्या मत्सरामुळें जगांत आला असें वचन आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत एदेन बागेंतल्या सर्पास सैतान म्हटलेलें नाहीं. तेथें तो धूर्त प्राणी एवढाच आहे. त्या सर्पामागें कोण होता, ह्याचा उलगडा करण्याच्या दिशेनें ज्ञानग्रंथानें पहिलें पाऊल टाकिलें. ह्याच सुमाराच्या ग्रीक भाषांतरांत 'सातान' ह्यास 'दियाबोलोस' म्हणजे चहाडखोर, असा प्रतिशब्द योजिला गेला. तोच पोर्तुगीज भाषेंत 'दियाबो' झाला.

नव्या करारांत हा सारा विचार एकत्र येतो. आपल्या प्रभूस रानांत मोह घालणारा तोच, आणि शिष्य सेवा करून परतले तेव्हां विजेप्रमाणें आकाशांतून पडतांना प्रभूनें पाहिला तोही तोच. प्रभूनें त्यास खोट्याचा बाप व आरंभापासून मनुष्यघातक म्हटलें. परंतु प्रत्यक्ष माणसास उद्देशून 'सैताना' ही हाक प्रभूच्या मुखांतून एकदांच आली, आणि ती कोणा परधर्मीयास नव्हती. ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभारावयाची, त्या पेत्रास ती ऐकावी लागली. कारण तो क्रुसाच्या वाटेंत आडवा आला. शेवटीं प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांत अजगर, पुरातन सर्प, दियाबोलोस व सैतान हीं सर्व नांवें एकाचींच असें सांगितलें आहे. आणि तो खालीं टाकला गेला तेव्हां आकाशवाणी त्यास आपल्या बंधूंवर रात्रंदिवस आरोप करणारा असें म्हणते. आरंभीं जो अर्थ होता, तोच शेवटींही टिकला.

आतां 'लुसिफर' ह्या नांवाविषयीं. यशयाच्या चौदाव्या अध्यायांत बाबेलच्या गर्विष्ठ राजाचें पतन वर्णिलें असून त्यास पहाटेच्या ताऱ्याची उपमा दिली आहे. तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनानें ह्या वर्णनाचा, तसाच यहेज्केलाच्या ग्रंथांतील सोराच्या राजाच्या वर्णनाचा अर्थ सैतानाच्या पतनाकडे लाविला. पुढें संत जेरोम ह्यांच्या लॅटिन बायबलांत पहाटेच्या ताऱ्यास 'लुसिफर', म्हणजे प्रकाशवाहक, हा शब्द आला आणि तेंच सैतानाचें नांव होऊन बसलें. मूळ लॅटिन शब्दांत वाईट असें कांहीं नाहीं. पुनरुत्थानाच्या रात्रीं मेणबत्तीपुढें गाइल्या जाणाऱ्या लॅटिन स्तोत्रांत हाच शब्द प्रभु ख्रिस्तास लाविला आहे. संत ऑगस्टीन ह्यांनीं गर्व हेंच त्या पतनाचें कारण ठरविलें व वाईट ही स्वतंत्र वस्तु नसून चांगल्याची उणीव आहे असें शिकविलें.

ही कथा मराठींत प्रथम विस्तारानें सांगणाऱ्यांत अग्रमान फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूनें रचिलेलें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. त्याच्या पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीबरोबर दूतांच्या पतनाचीही कथा येते. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत सैतानास 'देवचार' म्हणतात. आतां मौज पाहा: गोव्यांतील व दक्षिण कोंकणांतील हिंदु बांधवांच्या समजुतींत देवचार हा रात्रीं गांवाच्या सीमेवरून फिरणारा राखणदार आहे. एकाचा राखणदार तो दुसऱ्याचा सैतान झाला! सोळाव्या-सतराव्या शतकांतील अनेक मिशनऱ्यांच्या लेखनांत इतरांच्या दैवतांस सैतानाचीं रूपें मानण्याची प्रवृत्ति होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं इतर धर्मांविषयींच्या आपल्या घोषणेंत, त्या धर्मांत जें सत्य व पवित्र आहे तें ख्रिस्तसभा नाकारीत नाहीं असें जाहीर केलें. तेव्हां पेणेस घरोघरीं गणेशमूर्ति रंगत असतां, अथवा रोह्यांत धावीर महाराजांची पालखी निघाली असतां, शेजाऱ्याच्या भक्तीस सैतानाचें नांव देण्याचा अधिकार आपणांस कोणीही दिलेला नाहीं.

मग ख्रिस्तसभेची ह्याविषयींची निश्चित शिकवण कोणती? ती थोडक्यांत आहे. सैतान दुसरा देव नव्हे. ५६१ सालीं ब्रागा येथील परिषदेनें, सैतान कोणीही निर्माण न केलेला आहे हें मत त्याज्य ठरविलें. १२१५ सालीं लॅटेरन येथील चौथ्या परिषदेनें सांगितलें कीं, देवानें सर्व दूत स्वभावतः चांगले निर्मिले. जे वाईट झाले ते आपल्याच करणीनें झाले. तो केवळ रूपक आहे असेंही ख्रिस्तसभा म्हणत नाहीं. पोप सहावे पॉल ह्यांनीं १५ नोव्हेंबर १९७२ रोजीं त्याचें खरें अस्तित्व ठामपणें सांगितलें. तो आहे, परंतु निर्मिलेला आहे. बलवान आहे, परंतु मर्यादित आहे. त्याचें भय धरून जगणें हाही अश्रद्धेचाच एक प्रकार होय.

येथून आपण आपल्या घराच्या उंबऱ्याशीं येतों. कोणी भ्रमल्यासारखें वागूं लागलें म्हणजे आधीं वैद्याकडे न्यावें. १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथही आजार व सैतानाची बाधा ह्यांतील भेद आधीं नीट पाहावा असें बजावितो. आणि भूतनिरसनाचा विधि बिशपांच्या स्पष्ट परवानगीवांचून कोणाही धर्मगुरूस करितां येत नाहीं, मग मांत्रिकाची गोष्टच नको. आपल्या महाराष्ट्र राज्यानेंही, डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास खून झाल्यानंतर, त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यांत सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अमुक माणूस करणी करितो, मंत्रानें गुरांचें दूध आटवितो, असा आळ घेऊन त्याचें जगणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. इतकेंच नव्हे, तर एखाद्यास सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणें हाही गुन्हा आहे. जो निकाल ईयोबाच्या ग्रंथानें देवाच्या दरबारांत सांगितला, त्याच्याशीं जुळणारा निकाल महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायद्याच्या भाषेंत लिहिला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण आपण कायद्याच्या भयानें चांगलें वागावें एवढ्यावर थांबूं नये. आळ घेण्यास करणी-चेटूकच लागतें असें नाहीं. घर सोडून आलेल्या मुलीविषयीं देवळाच्या पायरीवर बसून कुजबुजणें, दारूंतून सुटूं पाहणाऱ्यास त्याचे जुने दिवस पुनःपुन्हां ऐकविणें, आदिवासी वाडीवरील ख्रिस्ती कुटुंब जवळच्या बांकावर बसलें कीं थोडें सरकून बसणें, ह्या प्रत्येक कृत्यांत आपण त्या जुन्या हुद्द्यावर आपली नेमणूक करून घेतों. आरोप कदाचित् खरा असेल. यहोशवाचीं वस्त्रेंही खरोखरच मळलेलीं होतीं! योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें आपणांस पवित्र आत्मा देण्याचें वचन दिलें, त्यास मूळ ग्रीक शब्द आहे 'पाराक्लेतोस', म्हणजे न्यायसभेंत आरोपीच्या बाजूनें उभा राहणारा कैवारी. एकाच दरबारांत एकीकडे आरोप करणारा उभा आहे व दुसरीकडे कैवारी. स्नानसंस्काराच्या वेळीं आपण कोणत्या बाजूस उभे राहण्याचें कबूल केलें, हें आतां निराळें सांगावयास नको.

शेवटीं ज्युबिलीविषयीं एक शब्द. लेवीय ग्रंथाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं शिंग फुंकून ज्युबिली जाहीर होई. गुलाम मोकळे होत, विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळे. तोच प्रायश्चित्ताचा दिवस आपल्या मुलखांतील बेने इस्राएल लोक घरांचीं दारें लावून, पांढरीं वस्त्रें नेसून, उपवासांत पाळीत असत. आणि त्यांच्या तालमूद ग्रंथांत, नववर्षाच्या दिवशीं शिंग कां वाजवावयाचें ह्याचें एक कारण असें दिलें आहे कीं, त्या नादानें आरोप करणारा सातान गोंधळून जावा. क्षमेचा नाद सुरू झाला म्हणजे आरोपकर्त्यास बोलण्यास जागा उरत नाहीं, हें मर्म ख्रिस्ती मनास सहज पटेल.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एक तरी जुना आरोप सोडून द्यावा, एका तरी घरीं समेटासाठीं आपण होऊन जावें. देव आपणां सर्वांस तें बळ देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.